वळीव, बरगे आणि चढणीचे मासे : पंचगंगेकाठचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं आणि तिथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळेपर्यंत सुमारे 80 किलोमीटर पंचगंगा वाहते. वाहते म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. पाऊस ओसरल्यावर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडतात आणि नदी एका बंधाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तुंबून उभी राहते. उसाला पाणी मिळतं ते या तुंबलेल्या नदीतून. शहरांचं सांडपाणी, ओढ्यांतून येणारं कारखान्यांचं पाणी, जनावरं धुतलेलं, कपडे धुतलेलं, सगळं याच पाण्यात साठतं. आठ महिने तळाला गाळ बसत जातो आणि वर केंदाळ (जलपर्णी) पसरतं.

हे प्रकरण शहरांच्या खालच्या अंगाला असलेल्या एका गावाचं आहे. 2021च्या महापुरानंतरच्या एका उन्हाळ्यातलं. गावाचं, संस्थेचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. दोन बंधाऱ्यांना ‘वरचा’ आणि ‘खालचा’ एवढंच म्हटलं आहे. खालच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यात, म्हणजे त्याच्यामागे तुंबलेल्या पाण्यात, भोई समाजाची एक छोटी मच्छीमार संस्था मासेमारी करते. तिचे चेअरमन सगळ्या गावाचे ‘आबा’. सभासदांपैकी बऱ्याच जणांचा थोडाफार ऊसही आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

अडचण

मेच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी वळवाचा मोठा पाऊस झाला. शहरातली गटारं, नाले, ओढे महिनोन्‌महिने साचलेला मैला घेऊन नदीत उतरले. दुसऱ्या दिवशी वरच्या बंधाऱ्याचे बरगे काढायला सुरुवात झाली. पावसाळा तोंडावर आला की ते काढावेच लागतात, त्यात वावगं काही नव्हतं. आभाळ दिवसभर भरलेलंच होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे जाळी काढायला गेलेल्या पोरांनी आबांना फोन केला : खालच्या बंधाऱ्यापाशी मासा पाण्यावर येऊन तोंड वासतोय, काठाला मेलेल्याचा थर लागलाय, पाणी काळं आहे आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारतोय.

सूर्य वर येईपर्यंत बंधाऱ्यावर गर्दी झाली. कुणी पोती घेऊन आलं होतं, कुणी मोबाईल. जो तो एकच म्हणत होता, “मळी सोडलीया.”

या भागात हे उत्तर तोंडात तयार असतं, आणि त्याला कारणही आहे. लोक मळी म्हणतात ते साखर कारखान्यांच्या आसवनीतलं, म्हणजे मद्यार्क गाळायच्या जागेतलं, सांडपाणी. ते कच्चं असताना त्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू, लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीत सोडायची मर्यादा 30 आहे. असं पाणी थोडं जरी सुटलं तरी ते नदीतला प्राणवायू खाऊन टाकतं. शिवाय 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ आली, माणसं दगावली. ती आठवण जिल्ह्यात अजून ताजी आहे. तेव्हा लोकांचा संशय खुळचट नव्हता. पण त्या आठवड्यात परिसरातली गाळपं बंद होऊन बरेच दिवस झाले होते. साठवण तलावातलं पाणी पावसाच्या आडोशाने सोडलं गेलं असण्याची शक्यता उरत होती, खात्री नव्हती.

पहिले काही तास

निर्णयाची पहिली जागा इथे आली, आणि ती कुणाच्या ध्यानात येण्याआधीच निम्मी हातची गेली होती.

आबांनी दोन फोन केले. एक प्रदूषणाची तक्रार नोंदवायला, दुसरा जवळच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमना. मॅडम पोहोचेपर्यंत पोरांनी पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्यांतून नमुने भरून ठेवले होते. अर्ध्या, पाऊण, जशा भरल्या तशा. त्या ऑक्सिजनसाठी निरुपयोगी होत्या. बाटलीत हवा राहिली की ती पाण्यात विरघळत जाते आणि तपासणीत येतो तो बाटलीतला ऑक्सिजन. नदीतला नव्हे. मॅडमनी काचेच्या बुचाच्या 300 मिलिलिटरच्या बाटल्या पाण्याखाली बुडवून बुडबुडा न ठेवता भरल्या आणि तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड ही दोन द्रावणं घातली. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा.

“मॅडम, पांढरंच ऱ्हायलं की हो हे,” आबा म्हणाले.

“म्हणजे आत काही उरलेलं नाही, आबा. वरच्या बंधाऱ्याच्याही वरचं पाणी घेऊन या. ताबडतोब.”

तो एक नमुना पुढे सगळ्यात उपयोगी ठरला. वरच्या फुगवट्याच्याही पलीकडच्या पाण्यात साका फिकट का होईना, तपकिरी बसला होता. म्हणजे प्राणवायू संपला होता तो त्याच्या खालच्या पाण्यात.

मॅडमनी दुसरी गोष्ट पाहिली ती मेलं कोण आणि वाचलं कोण. मोठे रोहू आणि कटले आधी गेले होते, शिंगटेही पडले होते. मरळ मात्र जिवंत होती, मांगूरही. हे दोन्ही मासे पाण्यावर येऊन थेट हवा घेऊ शकतात. खेकडे आणि झिंगे पाणी सोडून काठाच्या दगडांवर चढून बसले होते. पाण्यात जहाल विष असतं तर बहुधा त्यांनाही चढायला सवड मिळाली नसती. एवढ्यावरून निदान पक्कं होत नाही, पण दिशा मिळते : मासे गुदमरले होते. गुदमरवणारं पाणी आलं कुठून, हा पुढचा प्रश्न.

पोत्यांचं काय करायचं, यावर काठावरच वादावादी झाली. मेलेला मासा कुणी विकणार नाही, कुणी घरी नेणार नाही, असं आबांनी जाहीर केलं आणि खड्डा काढून चुना टाकून मासे पुरायला लावले. निर्णय बरोबर होता. घाई मात्र नडली. जातवार मोजणी, लांबीची नोंद, कल्ल्यांचे फोटो, बर्फात ठेवलेले चार मासे, यातलं काहीच न करता ढीग खड्ड्यात गेला. नुकसानभरपाईचा विषय निघाला तेव्हा किती मेले याचा संस्थेकडे पुरावा नव्हता. मोबाईलवरचे व्हिडिओ तेवढे होते, आणि त्यात पाण्यापेक्षा माणसंच जास्त दिसत होती.

सरकारी पथक दुपारी आलं. त्यांच्या मापनात ऑक्सिजन सकाळच्या मानाने बराच बरा निघाला. गावात लगेच बोललं गेलं की अधिकारी मॅनेज झाले. मला ते पटत नाही. तोवर ऊन पडलं होतं. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, त्यामुळे अशा पाण्यात दुपारचं माप चांगलं आणि पहाटेचं सगळ्यात वाईट येतं. सकाळचा पांढरा साका खरा होता आणि दुपारचा आकडाही खराच होता. मासे पहाटे मेले होते, एवढंच.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी देवळात बैठक बसली. तरुणांना रास्ता रोको हवा होता, आणि मेलेले मासे एखाद्या टेबलावर नेऊन ओतायचे होते. असं आंदोलन या पट्ट्यात नवं नाही आणि त्याने काही हलत नाही असंही नाही. एरवी न येणारे लोक निदान येऊन उभे राहतात. पण मासे पुरले गेले होते. आता ओतणार काय, हा आबांचा प्रश्न सगळ्यांना हसवून गेला आणि विषय तिथेच थांबला.

दुसरा मार्ग कायद्याचा. 1974च्या जल अधिनियमाप्रमाणे एखाद्या कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून उभा राहायचा तर अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन, त्याच्यादेखत नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून तो घ्यावा लागतो. गावकऱ्याने नदीतून भरलेली बाटली तिथे टिकत नाही. ती तपास कुठे करायचा एवढं सांगते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करता येतो, तेव्हा ते दार लगेच बंद होत नव्हतं. पण कुणाविरुद्ध जायचं? तक्रारीच्या मसुद्यात एका कारखान्याचं नाव घालावं, असा आग्रह झाला. मॅडमनी नकार दिला. जे पाहिलं ते वेळेसह लिहा, जे पाहिलं नाही ते लिहू नका, असं त्यांचं म्हणणं. रात्री उशिरा नावाशिवायची तक्रार गेली. काही सभासद त्यांच्यावर नाराज झाले, ते आजही थोडे आहेत.

तिसरी सूचना नवं मत्स्यबीज सोडण्याची होती. वर्गणी काढू, बोटुकली आणू, नुकसान भरून काढू. ऐकायला बरं वाटणारा आणि त्या घडीला सगळ्यात निरर्थक पर्याय. ज्या पाण्यात किलोचा मासा जगला नाही तिथे बोटभर पिल्लू काय जगणार? तो विषय पावसाळ्यानंतरवर गेला.

वाद रंगात असताना एका म्हाताऱ्या सभासदाने विचारलं, “वरचं बरगं निघालं, मग आमचं का न्हाई निघालं?”

बरग्यांचा क्रम

या प्रश्नाचं उत्तर कुणाच्या लबाडीत नव्हतं. बरगे काढणारी मजुरांची टोळी एकच. ती वरून खाली येत होती, कारण पूर आधी वर येतो आणि पाणी चढल्यावर बरगे अडकून बसतात. बंधाऱ्याच्या दृष्टीने हा क्रम शहाणपणाचा. माशांच्या दृष्टीने काय झालं ते आता उलगडत गेलं. वळवाने नाल्यांमधली घाण नदीत आणली. ती वरच्या फुगवट्यात आली आणि तळच्या गाळाने आधीच मेलेल्या पाण्यात मिसळली. बरगे वरून एकेक करून निघतात, शेवटचे निघाले की तळचं पाणी गाळ खरवडत सुटतं. ते सगळं खालच्या फुगवट्यात उतरलं, आणि तिथे बरगे पडलेलेच होते. घाण पुढे जाईना, माशांना खाली पळायला वाट नाही, दिवसभर ढग, रात्री वारा नाही. पहाटे प्राणवायू संपला.

यात मळीचा वाटा होता का? असेलही. तो शोधायचं काम तक्रारीवर सोपवलं होतं. पण मळी असो वा नसो, बरग्यांचा क्रम उलटा असता तर ते पाणी पुढे निघून पातळ होत गेलं असतं. माझ्या मते या प्रकरणातला खरा शोध हाच, आणि ‘मळी’ या एका शब्दावर सगळे अडून बसल्यामुळे तो दिवसभर झाकला गेला.

मॅडमनी बैठकीत आणखी एक गोष्ट मांडली. ती मेलेल्या माशांविषयी नव्हती. मृगाच्या आसपास नदीला नवं पाणी आलं की मासा चढतो, हे नदीकाठच्या पोरालाही ठाऊक असतं. चढणीचा मासा ओढ्यात, पाणंदीच्या कडेच्या चरांत, भाताच्या वाफ्यात शिरतो, तो गाबोळी, म्हणजे अंडी, टाकायला. रोहू-कटल्यासारखे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळी वाहतं पाणी आणि उथळ, बुडालेला काठ लागतो. अंडी एका दिवसाच्या आत फुटतात, पण तेवढे तास पाण्यात प्राणवायू हवा. म्हणजे वर्षभरातली नदीची सगळ्यात घाण अवस्था आणि माशाची सगळ्यात नाजूक अवस्था यांच्यामध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे असतात.

मग त्यांनी सामनचं उदाहरण दिलं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, सिएटलच्या आसपासच्या ओढ्यांत, कोहो जातीचे सामन समुद्रातून अंडी घालायला चढतात. शहरातल्या ओढ्यांत चढलेले कोहो पावसानंतर अंडी घालण्याआधीच काही तासांत मरत. शेजारी पोहणाऱ्या चम सामनला काही होत नसे. ओढ्याचं पाणी वरकरणी बरं असे. कारण सापडायला बरीच वर्षं गेली. 2020 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की गाड्यांच्या टायरमध्ये घालतात त्या एका रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन तयार होणारा पदार्थ पावसाबरोबर रस्त्यावरून ओढ्यात येतो आणि कोहोला मारतो. तांब्याचंही तसंच : अगदी सूक्ष्म प्रमाणात ते सामनच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती बोथट करतं, आणि सामन आपला जन्माचा ओढा वासावरून ओळखतो. मासा मरत नाही, पण शत्रू ओळखण्यात आणि वाट शोधण्यात कमी पडतो.

एकाने विचारलं, “ते तिकडचं झालं मॅडम. इकडं काय?”

“इकडं एवढंच, की तुम्ही काठावरचे मेलेले मोजताय. जून-जुलैत जे चढलेच नाहीत ते कोण मोजणार?”

त्यांचा रोख समजायला थोडा वेळ लागला. खालच्या फुगवट्यात मेलेले मोठे मासे म्हणजे बहुतेक गाबोळी भरलेल्या माद्या. त्या वर्षीची चढण त्या पहाटेच निम्मी झाली असणार.

काय केलं गेलं

पहिली कृती त्याच आठवड्यात. खालच्या बंधाऱ्याचे मधल्या दोन गाळ्यांतले बरगे ताबडतोब काढायची विनंती संस्थेने आणि ग्रामपंचायतीने मिळून केली. शाखा अभियंता समजूतदार निघाले. पण विरोध आला तो गावातूनच. मेअखेर म्हणजे खोडवा आणि लावणीचा ऊस दोन्ही पाण्यावर. उपसाबंदी नुकतीच उठलेली, आणि आता हातातलं पाणी सोडून द्यायचं? पाऊस लांबला तर? इथे ऊसवाले आणि मासेवाले असे दोन सरळ तट पडलेच नाहीत. संस्थेच्या एका संचालकाने माशांच्या बैठकीत बरगे काढा म्हणून हात वर केला आणि विकास सोसायटीच्या कट्ट्यावर काढू नका म्हणून सांगितलं. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. त्याची दोन एकरं आणि त्याचं जाळं एकाच पाण्यावर होतं.

तोड निघाली ती पुढच्या उन्हाळ्यासाठी. पाणी कमी करायचं नाही, क्रम बदलायचा. पहिला मोठा वळीव झाला की दोन दिवसांच्या आत खालच्या बंधाऱ्याचे मधल्या गाळ्यांतले वरचे बरगे निघतील. पूर्ण काढायची वेळ आली की टोळी खालून वर जाईल. वरच्या बंधाऱ्याचे बरगे निघतील त्या सुमारास धरणातून पाण्याचं आवर्तन सुटेल असं जमवायचा प्रयत्न व्हायचा. वळवाआधी खालच्या फुगवट्यातलं केंदाळ संस्था श्रमदानाने काढेल. त्याखाली ऊन पोहोचत नाही आणि ते कुजलं की उरलासुरला प्राणवायू तेच खातं.

आणखी एक ठराव झाला आणि त्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं. बरगे निघाल्यापासून पहिले काही आठवडे बंधाऱ्याच्या तोंडाशी फेकजाळं टाकायचं नाही. चढणीचा मासा धरायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात, ती वर्षाची मौज असते. नदी घाण करणाऱ्याला कोण विचारत नाही आणि आम्ही चार मासे धरले तर नियम, हा राग रास्त होता. पण गाबोळीची मादी गुदमरून मेली काय आणि जाळ्यात आली काय, पुढच्या वर्षीच्या माशांचा हिशेब तोच, हे शेवटी आबांनीच सभासदांच्या गळी उतरवलं. ठराव थोड्या मतांनी मंजूर झाला.

निष्पन्न

तक्रारीवर तपासणी झाली, नमुने गेले. संस्थेला हातात धरता येईल असा एकाच कुणावर ठपका आला नाही. भरपाई मिळाली नाही.

पुढच्या वर्षी क्रम उलटा केला गेला. मोठा मत्स्यमृत्यू झाला नाही. पण त्या वर्षी वळीव लवकर आणि थोडा थोडा झाला, नाल्यांची घाण एकदम आली नाही. तेव्हा श्रेय बरग्यांचं किती आणि पावसाचं किती, हे एका वर्षावरून सांगता येत नाही. जुलैत ओढ्यात चढण बरी झाली असं मासे विकणाऱ्या बायकांनी सांगितलं. त्यांचा अंदाज मी कुठल्याही कागदापेक्षा कमी मानत नाही, तरी तो अंदाजच. त्यानंतरच्या वर्षी खालच्या बंधाऱ्याचे काही बरगे गाळात रुतून वेळेवर निघाले नाहीत आणि एका वळणावर थोडे मासे मेले. ठरावाचं पालन निम्मंशिम्मं झालं : गावातली जाळी थांबली, बाहेरची आली.

नदीचं पाणी काही स्वच्छ झालं नाही. सांडपाणी प्रक्रियेविना येत राहील तोवर बरग्यांचा क्रम ही फक्त वेळ साधण्याची युक्ती आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सकाळचे पहिले दोन तास. संस्थेकडे काचेच्या चार बाटल्या, ती दोन द्रावणं आणि ती वापरता येणारी दोन माणसं आधीपासून असती, तर मॅडमची वाट पाहत घालवलेला वेळ वाचला असता. खर्च एका जाळ्याच्या किमतीपेक्षा कमी. आता हे सामान संस्थेच्या कपाटात आहे. द्रावणं दर उन्हाळ्याआधी बदलायची आठवण मात्र कुणीतरी ठेवावी लागते, आणि गेल्या उन्हाळ्यात ती मॅडमनीच ठेवली.

मासे पुरण्याआधी मोजायला हवे होते. सगळे नव्हेत. काठाचे दहा-दहा पावलांचे तीन-चार तुकडे आखून त्यातले मासे जातवार मोजले, एक पट्टी शेजारी ठेवून फोटो काढले, काही मासे बर्फात घातले तरी पुरे होतं. पथकाबरोबरही दुपारी वाद घालण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मापन करा, असा लेखी आग्रह धरता आला असता. तो धरायचं त्या दिवशी कुणाला सुचलं नाही.

बरगे काढण्याचं वेळापत्रक दरवर्षी ठरतं, पण ते ठरताना मच्छीमार संस्थेला कुणी बोलावत नसे आणि संस्थेनेही कधी विचारलं नव्हतं. पाणी वाटपाच्या बैठकीत ऊस बसतो, नळपाणी योजना बसते, उद्योग बसतो. प्रकरणानंतर आबांना एका बैठकीचं निमंत्रण आलं. ते गेले, मागच्या खुर्चीवर बसले आणि त्यांना एकच प्रश्न विचारायला मिळाला : यंदा टोळी कुठल्या टोकाकडून सुरू होणार? उत्तर तिथेच लिहून घेऊन, सही मागून, ते परत आले. तो कागद आता दरवर्षी मागायचा, असं संस्थेने ठरवलं आहे.